डावा पाय शिकवताना

कलेक्टिव्ह, म्हणजे हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा डाव्या हाताचा दांडा, उचलला आणि हेलिकॉप्टरचं नाक उजवीकडे वळलं. मी उजवं पेडल दाबलं. नाक आणखी उजवीकडे गेलं, या वेळी जोरात. शेजारच्या सीटवरून "आय हॅव कंट्रोल्स" असा शांत आवाज आला, आणि डाव्या पेडलवर दुसऱ्या कुणाचा तरी पाय आल्याचं मला माझ्या तळपायात कळलं. दोन्ही स्किड, म्हणजे चाकांच्या जागी असलेल्या खालच्या दांड्या, पुन्हा डांबराला टेकले.

सोलापूर विमानतळ, होटगी रस्ता, मार्च संपत आलेला, सकाळचे पावणेसात. आम्ही जमिनीपासून जेमतेम तीन फूट उचललो होतो.

नौदलात सोळा वर्षं मी चेतक हेलिकॉप्टर उडवलं. अरक्कोणमला आयएनएस राजालीवर शिकलो, नंतर जहाजांच्या हलत्या डेकवरून रात्री-अपरात्री उडालो. त्यामुळे हॉवर करणं, म्हणजे हवेत एका जागी तरंगत राहणं, मला नवीन नव्हतं. पण चेतक मूळचं फ्रेंच घराण्यातलं, अल्युएट 3. त्याची पाती वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात. माझ्यासमोर आता उभं होतं ते अमेरिकन रॉबिन्सन आर-44, त्याची पाती उलट दिशेने फिरतात. पाती एका दिशेने फिरली की अंग दुसऱ्या दिशेने फिरू पाहतं आणि शेपटीचा रोटर, म्हणजे तिथली छोटी पाती, त्याला धरून ठेवतो; त्याचा जोर पेडलांनी कमी-जास्त करायचा. म्हणून चेतकमध्ये ताकद वाढवली की नाक डावीकडे जातं आणि उजवा पाय द्यावा लागतो. आर-44 मध्ये नाक उजवीकडे जातं आणि डावा पाय द्यावा लागतो. एवढाच फरक. कागदावर एका ओळीत लिहिता येतो, आणि मी तो आदल्या रात्री वहीत लिहूनही ठेवला होता.

जिल्ह्यातल्या एका उद्योजकाने हे हेलिकॉप्टर घेतलं, त्याला वैमानिक हवा होता, आणि मी निवृत्त होऊन आईजवळ राहायला आलो होतो. परवान्यावर नव्या प्रकाराची नोंद करायची तर आधी अभ्यास, मग प्रशिक्षकाबरोबर उड्डाणं, मग परीक्षकाची चाचणी. प्रशिक्षक पुण्याहून आले. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पण रॉबिन्सनवरचे त्यांचे तास माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. ते मला "सर" म्हणायचे, मी त्यांना "कॅप्टन". पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "सर, नवख्या पोराची मला काळजी नसते. त्याचा पाय चुकतो, पण हळू चुकतो. तुमचा पाय फार चपळ आहे."

हे वाक्य मला लागलं आणि पटलंही.

आधी मशीनबद्दल सांगतो, कारण चेतकची सवय असलेल्या माणसाला यातली प्रत्येक गोष्ट वेगळी वाटते. चेतकचं जास्तीत जास्त वजन 2200 किलो, आर-44 रेवन 2 चं 1134 किलो. चेतकला तीन पाती, याला दोन. चेतकमधलं आर्टुस्ट टर्बाइन एकदा मिनिटाला 33,500 फेऱ्यांना पोचलं की तिथेच राहतं, वैमानिकाने त्याची फार चिंता करायची नसते. इथे सहा सिलिंडरचं लायकमिंग पिस्टन इंजिन. ते आधी एकटंच सुरू होतं, डोक्यावरची पाती स्तब्ध असतात. मग क्लचची कळ दाबायची, एक छोटी मोटर पट्टे हळूहळू ताणते आणि पाती फिरायला लागतात. मला आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीची आठवण झाली. पट्टा ताणला गेला की घरघर बदलते, तशीच इथेही बदलते. पाच सेकंदांत पाती हलली नाहीत तर सगळं थांबवायचं. पट्टे पूर्ण ताणले गेले की क्लचचा दिवा विझतो, आणि तो विझल्याशिवाय पुढे जायचं नाही.

इंधनही निराळं. टर्बाइनचं रॉकेलच्या जातीचं इंधन इथे चालत नाही. याला ॲव्हगॅस लागतं, आणि आमच्याकडे ते बॅरलमधून येतं. रोज सकाळी पहिलं काम म्हणजे काचेच्या भांड्यात नमुना काढून उजेडाकडे धरणं. रंग फिका निळा हवा, तळाशी पाण्याचा थेंब नको. पहिल्या आठवड्यात हे भांडं मी जरा जास्तच वेळ धरून बघायचो. सोळा वर्षांत इंधनाचा रंग असा रोज निरखावा लागला नव्हता.

सायक्लिकचं, म्हणजे हेलिकॉप्टर पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे झुकवणाऱ्या दांड्याचं, सांगायला हवं. चेतकमध्ये तो दोन गुडघ्यांच्या मधून वर येतो, मनगट मांडीवर टेकवायचं आणि बोटांनी उडवायचं. रॉबिन्सनमध्ये दोन सीटांच्या मधोमध एकच दांडा, त्यावर आडवा बार, आणि बारच्या दोन टोकांना दोन मुठी. हा बार तराजूसारखा डुलतो. प्रशिक्षकांनी आपली मूठ खाली घेतली की माझी वर जाते, पार छातीच्या उंचीला, आणि हात हवेत लोंबकळतो. माझी मूठ खाली घेतली की त्यांची वर. या वर-खाली जाण्याचा हेलिकॉप्टरवर काहीच परिणाम होत नाही, पण हाताला ते पटायला दोन दिवस लागले. कोपर मांडीवर टेकवून धरलं तेव्हा कुठे हॉवर स्थिर झाला.

डाव्या हाताची सवयही मोडावी लागली. कलेक्टिव्हच्या टोकाला मोटरसायकलसारखा फिरणारा थ्रॉटल असतो आणि गव्हर्नर तो आपोआप फिरवतो, रोटरचा वेग 102 टक्क्यांवर धरून ठेवतो. पण तुम्ही मूठ आवळली तर गव्हर्नरला ती फिरवता येत नाही. मी पहिले दोन दिवस आवळत होतो. "सर, चिमणीचं पिल्लू धरल्यासारखं धरा," असं कॅप्टन म्हणाले, आणि तेव्हापासून धरलं.

पाय मात्र ऐकेना. गंमत अशी की विचार करायला वेळ मिळाला तर पाय बरोबर पडायचा. हॉवरमध्ये हळू वळणं, चौकोनात सरकणं, धावपट्टीवरून उड्डाण, सगळं तिसऱ्या दिवशी ठीक जमायला लागलं. काहीतरी अचानक झालं, वाऱ्याचा झोत आला, कलेक्टिव्ह थोडा घाईत उचलला गेला, की जुना पाय पुढे. म्हणजे जिथे चूक परवडणार नाही नेमका तिथेच चुकायचा. आयुष्यात इतका एकाग्र होऊन मी क्वचितच काही शिकलो असेन, आणि तरी रोज एकदा तरी कॅप्टनचा पाय माझ्या मदतीला यायचा.

चौथ्या रात्री मी माळवदावर खुर्ची टाकली. समोर दोन जुन्या चपला ठेवल्या, त्याच माझी पेडलं. आठवीतल्या पुतण्याला शेजारी बसवलं आणि सांगितलं, तू मनाला येईल तसं ओरडायचं. "उचल!" म्हटला की डाव्या हाताने कलेक्टिव्ह वर आणि डावा पाय. "सोड!" म्हटला की हात खाली आणि उजवा पाय. "इंजिन गेलं!" म्हटला की हात खाली, उजवा पाय आणि सायक्लिक थोडा मागे, तिन्ही एकदम. पोरगं हुशार. मध्येच "काका, पाणी पाहिजे का?" असं विचारायचं आणि माझं "हो" अर्धवट असतानाच "उचल!" म्हणायचं. पन्नासात दहा-बारा वेळा चुकत होतं. मी आकडे वहीत मांडायला लागलो.

आई वर आली. "काय करायलास रे अंधारात?"

"पाय शिकवायलोय, आई."

ती थोडा वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "माझं उजवं मनगट मोडलं तवा डाव्या हातानं भाकरी थापली. महिनाभर वाकडी झाली. खाल्लीत की तुम्ही." आणि खाली गेली.

मी त्या रात्री आणखी शंभर वेळा केलं.

पाचव्या दिवशी कॅप्टननी हॉर्न ऐकवला. हॉवरमध्ये, मला आधी नीट सांगून, त्यांनी गव्हर्नर बंद केला आणि थ्रॉटल हलके हलके कमी केला. रोटरचा वेग 97 टक्क्यांवर आला आणि भोंगा वाजायला लागला. हेलिकॉप्टर बसायला लागतं. बसतंय म्हटल्यावर हात म्हणतो, उचल. आणि उचलणं हीच चूक, कारण पात्यांचा कोन वाढला की त्यांना हवा जास्त अडवते, वेग आणखी पडतो. करायचं ते असं की थ्रॉटल उघडायचा आणि कलेक्टिव्ह थोडा खाली द्यायचा, जमीन जवळ दिसत असतानाही. रोटरचा वेग पडला की शेपटीच्या रोटरचाही पडतो, दोघं एकाच गिअरने बांधलेले, त्यामुळे नाकही उजवीकडे जायला लागतं. म्हणजे भोंगा, बसणं आणि नाकाचं वळणं एकदमच येतं. चेतकच्या जड रोटरमध्ये साठा असतो, तो चुकीला क्षणभर सांभाळून घेतो. इथला रोटर हलका आहे, तो साठा कमी.

सोलापूरच्या उन्हात हे नुसतं पुस्तकी राहत नाही. माझी बहुतेक उड्डाणं समुद्रसपाटीवर झालेली. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण पंधराशे फुटांवर, आणि दुपारी पारा चाळिशीला गेला की हवा इतकी विरळ होते की मशीनला आपण पाच हजार फुटांच्या आसपास असल्यासारखं वाटतं. तिघं बसलेली, टाकी भरलेली, आणि मैदानातून सरळ वर उठायचं असेल तर हातात फारसं काही शिल्लक राहत नाही. इंजिनचा दाब किती होऊ द्यायचा याचा तक्ता कॉकपिटमध्येच लावलेला आहे, तापमान आणि उंची बघून आकडा काढायचा. आम्ही रोज उडण्याआधी तो आकडा मोठ्याने म्हणायचो. साडेनऊनंतर शिकायचं नाही हा नियमही कॅप्टननी घातला. मग हँगरच्या सावलीत डबा उघडायचा. आई त्यांच्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी द्यायची, दही वेगळं.

या जेवणानंतर एक दिवस दोन तास आम्ही फक्त एका गोष्टीवर बोललो, कारण ती उडून दाखवायची नसते. हे मी सविस्तर लिहितो. रॉबिन्सनची दोन पाती मास्टच्या, म्हणजे त्यांना फिरवणाऱ्या उभ्या दांड्याच्या, टोकाला सीसॉसारखी झुलतात. अंग त्यांच्याखाली टांगलेलं असतं. जोवर पाती वजन पेलतायत तोवर सायक्लिक जिकडे द्याल तिकडे अंग मागून येतं. पण पुढे जाताना सायक्लिक झपकन पुढे ढकलला, किंवा जोरदार हेलकाव्यात सापडलात, आणि क्षणभर पोटात गोळा आल्यासारखं हलकं वाटलं, तर पात्यांवर वजन उरत नाही. शेपटीचा रोटर मात्र ढकलतच असतो आणि हेलिकॉप्टर उजवीकडे कलंडायला लागतं. कुणाचाही हात आपोआप सायक्लिक डावीकडे देईल. पाती डावीकडे झुकतात, अंग उजवीकडेच जात राहतं, आणि पात्यांचा मधला भाग मास्टवर आपटतो. मास्ट तुटतो. त्यातून परत येणं नाही. उपाय एकच, आधी सायक्लिक हळू मागे, पात्यांवर वजन परत आणायचं, त्यानंतर डावीकडे. अमेरिकेत 1995 मध्ये रॉबिन्सनच्याच आर-22 आणि आर-44 साठी वेगळे प्रशिक्षणाचे नियम आले ते अशाच अपघातांनंतर.

चेतकला प्रत्येक पात्याची वेगळी बिजागरी असते, तिथली भीती वेगळी. जमिनीवर चाकांचा आणि पात्यांचा हेलकावा एकमेकांत अडकून मशीन थरथरायला लागलं की ते स्वतःला मोडून टाकू शकतं, त्याला आम्ही ग्राउंड रेझोनन्स म्हणायचो आणि फार जपायचो. दोन झुलत्या पात्यांच्या आर-44 ला तो धोका नाही. एक भीती गेली, दुसरी आली. मला हे समजून घ्यायला आवडलं, कारण भीती कुठे ठेवायची हे कळलं की बाकीच्या वेळी मोकळेपणाने उडवता येतं.

आम्ही विमानतळाबाहेर पडलो ते नवव्या दिवशी. होटगी तलावावरून मंद्रूपच्या बाजूला. खाली ज्वारीची कापणी झालेली, कडब्याच्या गंज्या, काळी रानं. विजेच्या तारांबद्दल कॅप्टन फार कडक. तार बघायची नाही, मनोरा बघायचा, आणि ओलांडायचं ते मनोऱ्याच्या डोक्यावरून. रायचूर ते सोलापूर 765 केव्हीची वाहिनी 2013 च्या शेवटच्या दिवशी सुरू झाली, दक्षिणेचं ग्रिड देशाशी जोडलं ते तिच्यामुळे. तिचे मनोरे दुरून दिसतात. छोट्या वाहिन्या जास्त वाईट, कारण शेतातला खांब झाडात लपतो.

रानात उतरताना एक गोष्ट मी त्यांना सांगितली, कारण ती मला घरची होती. उन्हाळ्यात आमच्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. एक स्किड भेगेत अडकला आणि तुम्ही दुसऱ्या बाजूने उचललं, तर हेलिकॉप्टर त्या अडकलेल्या स्किडभोवती कलंडतं, आणि ठराविक कोनापलीकडे गेलं की सायक्लिकने सावरत नाही. कलेक्टिव्ह खाली देणं एवढंच हातात राहतं. पावसाळ्यात तीच माती स्किडला चिकटून धरते. म्हणून आम्ही ठरवलं, उतरताना पूर्ण वजन टाकायचं नाही, आधी पेडलं अगदी किंचित हलवून स्किड मोकळे आहेत का ते बघायचं, आणि उठताना एका बाजूने नाही तर सावकाश, दोन्ही स्किड सुटल्याची खात्री करत. धूळ आणि पाचोळा एवढा उडतो की वीस फुटांवर समोरची गंज दिसेनाशी होते. तिथे नजर दाराशेजारच्या जमिनीवर, एखाद्या ढेकळावर.

अकराव्या दिवशी ऑटोरोटेशन, म्हणजे इंजिनच्या ताकदीशिवाय फिरत्या पात्यांवर खाली येणं. इथेही कॅप्टनची शिस्त मला फार भावली. रॉबिन्सनमध्ये न सांगता थ्रॉटल बंद करायचा नसतो, कंपनीच्या सुरक्षा सूचनेतच ते स्पष्ट लिहिलेलं आहे, कारण बेसावध वैमानिकाचा हात कलेक्टिव्हवरून उशिरा खाली गेला तर रोटर वाचत नाही. ते मोठ्याने मोजायचे, "तीन, दोन, एक." कलेक्टिव्ह पूर्ण खाली, उजवा पाय, सायक्लिक मागे, वेग 70 नॉट. इंजिनचा आवाज गेला की पात्यांचा फडफडाट एकदम वर येतो. रोटर 108 टक्क्यांच्या वर पळू पाहतो, कलेक्टिव्ह चिमूटभर वर. धावपट्टी वेगाने मोठी होते. चाळीस फुटांवर नाक वर, आठ फुटांच्या आसपास सपाट, मग ताकद परत. आणि ताकद परत आली त्या क्षणी डावा पाय गेला. मी पाठवला नव्हता. तो स्वतः गेला.

कॅप्टन काही बोलले नाहीत, नुसता अंगठा वर केला. रात्री वहीत पन्नासात शून्य चुका लिहिल्या. पुतण्या जरा नाराज झाला, त्याला पुढे ओरडायला काही उरलं नाही.

याच सुमारास एका ओळखीच्या ऑपरेटरचा फोन आला, पुढच्या महिन्यात एच-125 उडवाल का. तेही फ्रेंच घराण्यातलं, पाती पुन्हा घड्याळाच्या दिशेने. पैसे चांगले होते. मी नको म्हणालो. ज्यांना एका आठवड्यात दोन्ही उडवता येतात त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण माझा डावा पाय अजून नवा होता. आधी इथे दोनशे तास होऊ देत, मग परत स्वतंत्र उजळणी करून बघू.

चाचणीच्या आधी कॅप्टननी मला एकट्याला सोडलं. शेजारची सीट मोकळी. आतापर्यंत दोघं असताना हॉवरमध्ये डावा स्किड खाली राहायचा, कारण शेपटीचा रोटर सगळ्या मशीनला उजवीकडे ढकलतो आणि त्याला डावीकडे झुकून तोलावं लागतं. चेतकमध्ये उजवं चाक खाली असायचं, म्हणून ही सवयसुद्धा उलटी करून घेतली होती. आता मी एकटा उजवीकडे बसलेलो, माझ्या वजनाने दोन्ही स्किड जवळजवळ एकदमच सुटले, आणि हलकं झालेलं मशीन अपेक्षेपेक्षा लवकर उठलं. डावा पाय पोचला, किंचित जास्तच, आणि मी तो परत थोडा घेतला.

तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला उतरण्याच्या दिशेला वळताना नजर सवयीने सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी शोधायला गेली. लहानपणापासून सोलापूर जवळ आल्याची ती खूण. जून 2023 मध्येच पाडलेली. मी नजर धावपट्टीवर आणली, 60 नॉट, 40, दोन पात्यांची ती ओळखीची थरथर खुर्चीत आली आणि गेली. हॉवर. खाली कॅप्टन हँगरच्या सावलीत हात मागे बांधून उभे. स्किड टेकले, कलेक्टिव्ह खाली जायला लागला, आणि उजवा पाय त्याच्या आधीच पुढे सरकलेला होता.